पंधराव्या नंबरची टीम आणि उन्हाळ्यातली डागडुजी: मँचेस्टर युनायटेडचा हिशोब, वडोदऱ्यातून

२६ मे २०२५

काल सीझन संपला. शेवटच्या मॅचला अॅस्टन व्हिलाला २-० हरवलं, पण टेबल उघडून बघितलं की पोटात गोळा येतो. ३८ मॅच, ११ जिंकल्या, ९ ड्रॉ, १८ हरल्या, ४२ पॉइंट, नंबर १५ वा. ४४ गोल मारले आणि ५४ खाल्ले. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून क्लब एवढा खाली कधीच गेला नव्हता. त्यात बुधवारी बिल्बाओला युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून १-० नी गेली, म्हणजे पुढच्या वर्षी युरोप नाही आणि त्याचे पैसेही नाहीत.

दांडिया बाजारात काकांच्या घरी आमचा मॅच बघायचा ग्रुप जमतो. दर उन्हाळ्यात आमचं एकच चालतं, मोठं नाव आलं की सगळे खूश, आणि ऑक्टोबर उजाडला की परत तेच तोंड पाडून बसायचं. म्हणून या वेळी ठरवलंय की नीट वही घालायची. मी दिवसभर हिशोबाचंच काम करतो, त्यामुळे शीट बनवणं हाताचा मळ आहे, फॉर्म्युले भाचा टाकून देईल. दुसऱ्या कुणाला आपल्या टीमचं असंच करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून जे होईल ते इथे तारखेनिशी लिहितो.

पहिला आणि एकमेव नियम: कुणाला घेतलं हे कळायच्या आधी, टीम कशामुळे हरली ते लिहून ठेवायचं, आणि ती यादी नंतर बदलायची नाही. एकदा नाव आलं की माणूस त्या नावाला शोभेल असा रोग शोधायला लागतो, हे आमच्या ग्रुपमध्ये मी दर वर्षी बघतो.

तर आज रात्री बसून यादी केली. सगळ्यात वर गोल. लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल ब्रुनो फर्नांडिस आणि अमादचे, प्रत्येकी ८. हॉयलुंडचे ४, झिर्कझीचे ३. स्ट्रायकर म्हणून घेतलेल्या दोघांचे मिळून ७ होत असतील तर बाकी काही बोलायलाच नको. दुसरी ओळ गोलकीपर. ओनानाने एप्रिलमध्ये ल्योंला दोन गोल हातानं वाढून दिले, आणि बायंदरने डिसेंबरमध्ये लीग कपला टॉटनहॅमच्या सोनचा कॉर्नर थेट गोलमध्ये जाऊ दिला. तिसरी मिडफिल्ड. कोच अमोरिम ३-४-२-१ खेळवतो, म्हणजे मधे दोनच माणसं, आणि त्या दोघांना पूर्ण मैदान झाकायचंय. कासेमिरो डोक्यानं अजूनही वरचढ आहे पण पळण्यात मागे पडतो. चौथी ओळ विंगबॅक, म्हणजे कडेनं पुढे-मागे पळणारे, फेब्रुवारीत डोर्गूला लेच्चेकडून आणलंय, उजवी बाजू अजून उघडीच. पाचवी ओळ विकायची. नको असलेल्या माणसांचे पगार. ही ओळ बाकीचे धरत नाहीत पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

२ जून

प्लेयर घ्यायची-विकायची मुदत, म्हणजे खिडकी, या वेळी दोन तुकड्यांत आहे. क्लब वर्ल्ड कपमुळे १ ते १० जून, मग थांबून १६ जून ते १ सप्टेंबर. आणि पहिल्याच दिवशी फॉरवर्ड कुन्याचं ठरलं, वुल्व्सकडून, ६२.५ दशलक्ष पाउंड. त्याच्या करारात रिलीज क्लॉज होता, तेवढे पैसे ठेवले की घासाघीस संपली. लीगमध्ये १५ गोल आहेत त्याचे, ते पण तळाशी झगडणाऱ्या टीमकडून. पहिल्या ओळीपुढे पिवळा रंग भरला, म्हणजे माणूस घेतला. हिरवा एवढ्यात नाही भरायचा. हिरवा मैदानावर दिसल्यावरच.

शीटचा पहिला आराखडा आजच मोडला. मी 'एकूण खर्च' असा एकच आकडा ठेवला होता. ऑफिसमधल्या गुजराती सीए मित्राला दाखवलं, त्यानं नेहमीसारखं विचारलं, "केटलामां पड्यो?" (कितीला पडला?) मी ६२.५ म्हटलं तर म्हणतो तो झाला भाव, वर्षाला किती पडतो ते सांग. बरोबरच आहे. क्लबच्या वहीत खरेदीची किंमत कराराच्या वर्षांत वाटली जाते, आणि प्रीमियर लीगमध्ये ती जास्तीत जास्त पाच वर्षांतच वाटता येते. म्हणजे कुन्या वर्षाला साडेबारा. वर पगार वेगळा. लीगच्या २०२५-२६ मधल्या नियमानं तीन वर्षांत मिळून १०५ दशलक्ष पाउंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नाही, त्यामुळे हा वर्षाचा आकडाच खरा. कॉलम बदलला.

२१ जून

बातम्या गोळा करायचा कॉलम आज पुसून टाकला. दोन आठवडे रोज संध्याकाळी 'बोलणी सुरू', 'बोलणी फिसकटली', 'प्लेयर तयार' हे सगळं तारखेनिशी भरत होतो आणि ब्रेंटफर्डचा फॉरवर्ड एम्बेउमो याच्या ओळीत एवढा मजकूर साठला की मोबाइलवर शीट उघडेना. त्यातून कळलं काय, तर काहीच नाही. ब्रेंटफर्डनं पहिली ऑफर नाकारली एवढंच खरं. भाच्याचं मत होतं की कॉलम ठेवू या, वाचायला मजा येते. पण आपण जे मोजतोय त्यात अफवेला जागा नाही. आता नियम असा की क्लबनं स्वतः जाहीर केलं तरच ओळ भरायची.

ज्यांना हे काम करायचंय त्यांनी हा कॉलम मुळात काढूच नका. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

१ जुलै

लिंडेलॉफ, एरिक्सन, एव्हान्स तिघांचे करार काल संपले. पगाराच्या ओळीत थोडी हवा आली. विकून पैसे मात्र काहीच नाहीत, कारण करार संपल्यावर माणूस फुकट जातो. लिंडेलॉफ इथे आठ वर्षं होता.

दुसरीकडे रॅशफर्ड, गार्नाचो, अँटनी, सांचो आणि मलासिया या पाच जणांना नवीन क्लब शोधा म्हणून सांगितल्याचं कळतंय.

माझं मत सांगतो. कोचनं कुणाला ठेवायचं ते ठरवणं योग्यच. पण पाचही जणांना एकदमच, सगळ्या जगाला कळेल असं बाजूला काढलं, तर घेणारा भाव पाडणारच. रावपुऱ्यात दुकान खाली करायचंय असं बोर्डावर लिहिलं की गिऱ्हाईक अर्ध्या भावानंच मागतं. पाचव्या ओळीत लाल रंग, म्हणजे काम अडलेलं.

२२ जुलै

काल एम्बेउमो झाला. ६५ दशलक्ष आणि वर ६ अटींवर, म्हणजे ठरलेल्या गोष्टी घडल्या तरच द्यायचे. रुपयात धरलं तर साधारण साडेसातशे कोटी. करार २०३० पर्यंत, म्हणजे वर्षाला १३. गेल्या सीझनला लीगमध्ये २० गोल आणि सगळ्या ३८ मॅच खेळला. हा दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा जास्त आवडला. गेली काही वर्षं या क्लबमध्ये अर्धी टीम दवाखान्यात असते.

एक गोष्ट इथे चांगली दिसली. कुन्या आणि एम्बेउमो दोघंही याच लीगमधले, इंग्लंडच्या पावसात आणि धक्काबुक्कीत गोल करून दाखवलेले. अँटनीला २०२२ मध्ये हॉलंडमधून ८० दशलक्षांच्या वर देऊन आणलं होतं, ते का फसलं याचा कुणीतरी विचार केलेला दिसतोय.

खटकलं ते एवढंच की जूनच्या सुरुवातीला मागितलेला माणूस जुलैच्या शेवटी आला. अमोरिमची सिस्टिम शिकायला वेळ लागतो आणि प्री-सीझनचे पहिले आठवडे गेले.

२४ जुलै

रॅशफर्ड बार्सिलोनाला गेला, लोनवर, म्हणजे वर्षभरासाठी उसना. विकत घ्यायचा पर्याय त्यांच्याकडे आहे, सक्ती नाही. म्हणजे आज हातात पैसे काही नाहीत, पगाराचा बोजा मात्र वर्षभर उतरला. विक्रीच्या कॉलममध्ये याला काय लिहायचं यावरून ग्रुपमध्ये रात्री बराच वाद झाला. काकांचं म्हणणं गेला म्हणजे गेला. मी दोन कॉलम केले, 'घर सोडलं' आणि 'पैसे आले'. रॅशफर्डच्या पुढे पहिल्यात टिक, दुसऱ्यात रिकामं. हे दोन कॉलम वेगळे केल्यापासून शीट खरं बोलायला लागलं.

४ ऑगस्ट

अमेरिकेचा दौरा संपला. वेस्ट हॅमला २-१, बोर्नमथला ४-१, एव्हर्टनशी २-२, आणि प्रीमियर लीग समर सिरीज जिंकली. ग्रुपवर सगळे एकदम उड्या मारायला लागलेत आणि मला सारखं विचारतायत की हिरवा रंग कधी भरतोस.

नाही भरणार. प्रॅक्टिस मॅचचा निकाल या शीटमध्ये येत नाही, फक्त काय दिसलं ते येतं. दिसलं असं की पुढचे तिघं मोकळे फिरतायत, ते छान. ओनाना मांडीच्या दुखापतीमुळे बाहेर आहे, बायंदर उभा आहे, आणि दुसऱ्या ओळीत अजून एकही अक्षर नाही. तिसऱ्या ओळीतही नाही. ऑगस्ट उजाडला.

१० ऑगस्ट

काल स्ट्रायकर शेश्को आला. लाइपझिगकडून, ७६.५ दशलक्ष युरो आणि वर ८.५ अटींवर. इथे शीट पुन्हा अडखळलं कारण बाकी सगळं पाउंडात आणि हा युरोत. बदलून साधारण ६६ दशलक्ष पाउंड पडतो. आधीच सांगून ठेवतो, सुरुवातीलाच एक चलन ठरवा आणि कोणत्या दिवसाचा भाव धरलाय ते बाजूला लिहा, नाहीतर एका बातमीत ७६ आणि दुसऱ्यात ६६ वाचून माणूस गोंधळतो.

शेश्को २२ वर्षांचा आहे, उंच, पळतो जोरात. न्यूकॅसललाही हवा होता. तिघांचे मिळून अटींसकट २०० दशलक्ष पाउंडांच्या वर गेले. पहिल्या ओळीसाठी याहून जास्त कुणी काय करणार! कॅरिंग्टनची ट्रेनिंगची इमारतही ५० दशलक्ष खर्चून नवी केलीय, तीही याच आठवड्यात उघडली. त्याचा फायदा मोजता येत नाही म्हणून शीटमध्ये नाही, पण केलं हे बरंच केलं.

पण सगळा पैसा एका ओळीवर गेलाय. यादीत पाच ओळी होत्या.

१८ ऑगस्ट

आर्सेनल, ओल्ड ट्रॅफर्ड, आपल्याकडे रात्री नऊला. बाहेर पाऊस, काकांकडे वीज दोनदा गेली पण मॅच चुकली नाही. ०-१.

हा गोल मी परत परत थांबवून बघितला, कारण सगळं यात आहे. तेरावा मिनिट, राइसचा कॉर्नर, बॉल वळून थेट गोलच्या तोंडाशी येतो. सालिबा बायंदरच्या अंगाला खेटून उभा आहे, फाउल म्हणावा एवढं नाही. बायंदर मागच्या पायावर, हात वर जातो पण त्या हातात जोर नाही, बॉल बोटांना लागून तिथल्या तिथे खाली पडतो आणि कालाफिओरी हातभर अंतरावरून डोकं लावतो. डिसेंबरमध्ये सोनच्या कॉर्नरला असाच प्रकार झाला होता. मे महिन्यात लिहिलेली दुसरी ओळ जशीच्या तशी समोर आली.

आणि गंमत बघा, बाकी खेळ खरंच चांगला होता. २२ शॉट मारले. कुन्या बॉल घेऊन सरळ अंगावर जात होता, एम्बेउमो उजवीकडून आत येत होता, डोर्गूचा एक पोस्टला लागला. पहिल्या ओळीवर खर्च केला ती ओळ हलली, दुसरीवर केला नाही ती तशीच राहिली. या उन्हाळ्याचं मूल्यमापन एका मॅचमध्ये झालं म्हणा ना.

मिडफिल्डला कासेमिरो आणि ब्रुनो. ब्रुनोला तिथे मागे खेळवायचं म्हणजे गोलजवळचा सगळ्यात कामाचा माणूस स्वतःच लांब उभा करायचा. मिडफिल्डर न घेतल्याचा खर्च असा पडतो आणि तो कुठल्याच बिलात दिसत नाही. शीटमध्ये यासाठी 'इतर ओळींवर परिणाम' असा कॉलम वाढवला.

२५ ऑगस्ट

फुलहॅम १-१. ब्रुनोनं पेनल्टी वरून मारली. नंतर योरोच्या हेडरवर मुनिझला लागून बॉल आत गेला आणि मग स्मिथ रोनं बरोबरी केली. लीड घेतल्यावर मधली जागा मोकळी पडत गेली आणि फुलहॅमवाले आरामात बॉल फिरवत होते. तिसरी ओळ लालच.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, दिवसभर पाहुणे, आरत्या, मोदक, आणि रात्री साडेबाराला ग्रिम्सबीची लीग कपची मॅच. कप मॅचसाठी वेगळ्या अॅपचा पास घ्यावा लागला, तो खर्च वर्गणीतून.

ग्रिम्सबी म्हणजे चौथ्या डिव्हिजनची टीम. अर्ध्या तासात २-० पुढे. दुसरा गोल परत कॉर्नरवरून, या वेळी गोलमध्ये ओनाना. म्हणजे कीपर बदलला, गोल तोच. एम्बेउमो आणि मग शेवटी मॅग्वायरनं बरोबरी करून दिली, पेनल्टीला ११-११ झाले तरी संपेना, शेवटी १२-११ नी हरलो, एम्बेउमोचा बारला लागला. घरातले सगळे झोपले होते, मी हॉलमध्ये बाप्पांसमोर आवाज बंद करून बघत बसलो होतो.

ग्रुपवर आज सकाळपासून सगळे म्हणतायत कोच काढा, नवे तिघं फेका. मी शीटला हात लावलेला नाही. एका मॅचवर रंग बदलायचा नाही हे हरल्यावरही पाळायला हवं. गोलकीपरचा लाल होता तो लालच आहे, एवढीच नोंद.

२ सप्टेंबर

काल खिडकी बंद झाली, आपल्याकडे रात्री साडेअकराला. आत्याकडे गौरीपूजन होतं, पंगती उठेपर्यंत साडेदहा झाले, तिथून थेट काकांकडे.

शनिवारी बर्नलीला ३-२ हरवलं, जादा वेळात ब्रुनोच्या पेनल्टीवर. कुन्या मांडी धरून बाहेर गेला. पण काम आहे ते विक्रीचं, ते सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या उन्हाळ्यातला कच्चा दुवा हाच.

गार्नाचो चेल्सीला, ४० दशलक्ष पाउंड. हा अकादमीतून वर आलेला, त्यामुळे क्लबच्या वहीत त्याची खरेदी किंमत जवळजवळ शून्य, आलेले ४० बहुतेक सगळे नफा. 'पैसे आले' मध्ये पहिली ठसठशीत टिक. अँटनी बेतिसला, २२ दशलक्ष युरो आणि वर ३. त्याचा हिशोब उलटा आहे. ८० च्या वर दिले होते, करार पाच वर्षांचा, तीन वर्षं झाली, म्हणजे वहीत अजून ३२-३३ शिल्लक. आले पाउंडात १९ च्या आसपास. म्हणजे विकूनही वहीत तोटाच. तरी विकलं ते बरोबर केलं, उरलेल्या दोन वर्षांचा पगार वाचला आणि पुढे बेतिसनं विकला तर निम्मा वाटा मिळणार आहे. हॉयलुंड नापोलीला लोनवर, ते चॅम्पियन्स लीगला पात्र ठरले तर विकत घ्यायचं बंधन. सांचो परत लोनवर, या वेळी व्हिला.

सगळं शेवटच्या तीन दिवसांत. मलासियाला कुणी नेलंच नाही. मे महिन्यापासून माहीत असलेलं काम ३० ऑगस्टला उरकलं तर त्या पैशातून मिडफिल्डर घ्यायला दिवस उरत नाहीत. ब्रायटनच्या बालेबाबद्दल एवढं बोललं गेलं, आला कुणीच नाही.

आणि शेवटच्या दिवशी गोलकीपर! सेने लामेन्स, २३ वर्षांचा बेल्जियन, अँटवर्पकडून, १८.१ दशलक्ष पाउंड. ग्रुपमध्ये बहुतेकांना व्हिलाचा मार्टिनेझ हवा होता, वर्ल्ड कप जिंकलेला, नाव मोठं. मला लामेन्सचं पटलं. कमी पैसे, कमी वय, आणि यादीतल्या दुसऱ्या ओळीला थेट उत्तर. फक्त तीन महिने उशिरा. तोवर लीगच्या तीन मॅच आणि कप गेला.

दुसरी ओळ पिवळी. तिसरी लाल. चौथीला कुणी हातही लावला नाही.

१५ सप्टेंबर

मँचेस्टर सिटी ०-३. फोडेन एक, हालंड दोन. गोलमध्ये अजून बायंदर, लामेन्स बेंचवर. ओनाना ट्राब्झोनस्पोरला लोनवर गेला, तुर्कस्तानची खिडकी उशिरा बंद होते म्हणून जमलं. सिटीच्या गोलांत कीपरपेक्षा मधली मोकळी जागा जास्त दिसली.

२८ सप्टेंबर

नवरात्र चालू आहे. ब्रेंटफर्डची मॅच आपल्याकडे संध्याकाळी पाचला होती म्हणून गरब्याला जायच्या आधी सगळे जमले. १-३. पहिला गोल: हेंडरसनचा मागून एक लांब पास, आपल्या डिफेन्सची लाइन अर्धी वर अर्धी खाली, आणि इगोर थियागो एकटाच. त्यानंच दुसरा. शेश्कोनं क्लबसाठी पहिला गोल केला, ब्रुनोची पेनल्टी अडवली गेली, शेवटी तिसरा खाल्ला. मधे चेल्सीला २-१ हरवलं होतं, पण त्यांचा गोलकीपर पाचव्या मिनिटाला रेड कार्ड घेऊन गेला होता त्यामुळे ती मॅच मी हलक्या वजनानं धरलीय.

शेश्कोच्या बाबतीत घाई नको असं मी ग्रुपवर लिहिलं. नव्या देशात, नव्या लीगमध्ये, प्री-सीझन न मिळालेला २२ वर्षांचा पोरगा आहे तो.

५ ऑक्टोबर

लामेन्स अखेर खेळला. संडरलंड २-०, माउंट आठव्या मिनिटाला आणि नंतर डालोच्या लांब थ्रोवरून शेश्को. सीझनमधली पहिली क्लीन शीट, म्हणजे एकही गोल खाल्ला नाही.

मी पूर्ण मॅचभर कीपरकडेच बघत होतो. पहिला उंच बॉल आला तेव्हा तो लाइन सोडून दोन पावलं पुढे आला, गर्दीत उडी मारली आणि दोन्ही हातांनी पकडून छातीशी घेतला. बस. एवढंच हवं होतं. स्टँडमधून जो आवाज उठला तो एखाद्या गोलसारखा होता. पुढे उभे असलेले डिफेन्डर पण लगेच वेगळे दिसायला लागले, कॉर्नरला मागे वळून बघत नव्हते. काका म्हणाले हा आधीच का नाही आला रे. तेच तर शीटमध्ये लिहिलंय.

रंग नाही बदलला, अजून मोठ्या मैदानावर बघायचंय.

२० ऑक्टोबर

अॅनफिल्डवर २-१! जानेवारी २०१६ नंतर पहिल्यांदा. एम्बेउमोनं पहिल्याच मिनिटाच्या आसपास मारला, अमादच्या पासवर. गाक्पोनं ७८ व्या मिनिटाला बरोबरी केली तेव्हा सगळे गप्प, आणि ८४ व्या मिनिटाला ब्रुनोच्या क्रॉसवर मॅग्वायरचं डोकं. खाली पोरं दिवाळीचे फटाके लावत होती आणि वर आम्ही ओरडत होतो. लिव्हरपूलचे बॉल पोस्टलाही लागले, नशीब आपल्या बाजूला होतं हे मान्य, पण लामेन्सनं उंच बॉल घेतले, लांब किक मारून प्रेशर काढलं. दुसरी ओळ आज हिरवी केली. पहिली पण.

आता थंड डोक्यानं आकडे. आठ मॅचनंतर १३ पॉइंट. गेल्या वर्षी आठ मॅचनंतर ११ होते. दोनशे दशलक्ष खर्चून फरक फक्त दोनाचा, म्हणून काहीच झालं नाही असं ग्रुपमधले काही म्हणतात. पण गोल बघा, गेल्या वेळी आठ मॅचमध्ये ७, या वेळी ११. खाल्लेले गेल्या वेळी ९, या वेळी १२. म्हणजे जिथे पैसा गेला तिथे सुधारणा आहे, जिथे नाही गेला तिथे आधीपेक्षा वाईट आहे. खाल्लेल्या १२ पैकी लामेन्सच्या दोन मॅचमध्ये एकच. बाकी ११ तो यायच्या आधीचे.

तिसऱ्या ओळीला मात्र हा उन्हाळा लागलाच नाही. कासेमिरो बाहेर असला की त्या जागी विश्वासानं कुणाला उभं करावं असं दिसत नाही, उगार्ते चाचपडतो आणि मेनू नावाच्या पोराला खेळवत नाहीत. माझा निकाल असा: रोगाचं निदान योग्य, पहिली खरेदी योग्य, विक्री उशिरा आणि आरडाओरडा करून, त्यामुळे मिडफिल्डचं काम राहिलं.

शीटची कोरी प्रत भाच्यानं ग्रुपवर टाकलीय, ओळी आपापल्या टीमच्या भरा, कॉलम तसेच ठेवा. जानेवारीच्या खिडकीसाठी नवीन पान उघडलं. त्यात मिडफिल्ड सगळ्यात वर, आणि त्याखाली एक नवी ओळ घातली: २१ डिसेंबरपासून मोरोक्कोत आफ्रिका कप आहे, एम्बेउमो, अमाद आणि मझरावी तिघंही त्यांच्या देशांकडून जाऊ शकतात, त्या महिन्यात उजवी बाजू कोण सांभाळणार.